शेवग्याच्या पाल्यानं वाचवलेली ट्रंक

"असली गंजकी ट्रंक घिऊन पोरगी बेंगलोरला शिकाया जायाची व्हय? लोकं हसत्याल! म्हणावं, पुढच्या म्हैन्यात जा."

आमचे हे, म्हणजे रिटायर सुभेदार, माझ्याकडं पाठ करून पुटपुटत होते. महिन्यात चौथ्यांदा! सुटकेस घेऊ म्हटलं, तर "सुभेदाराची पोर हाय, माजी ट्रंकच न्हेणार!"

मी मनात म्हटलं, एवढंच ना? एका दुपारीत गंज घालवते! सातवी पास असले तरी आमच्या शिवांजलीच्या एमेस्सीच्या वह्या मी पाठ केल्यात. तिचा प्रयोगच गंज काढायचा. नुसतं अ‍ॅसिड गंजाबरोबर लोखंडही खातं. पण त्यात शेवग्याच्या पाल्याचा अर्क घातला, की तो लोखंडाला असा बिलगतो, जशी सासरी निघालेली पोर आईला! गंज जातो, लोखंड राहतं.

दुसऱ्या दिवशी शिवांजली कराडला कॉलेजात, हे उसाला पाणी पाजायला. मी पातेलंभर पाला उकळला. वासावर शेजारच्या सुलाबाई वाटी घेऊन हजर!

"आमटी केलीस व्हय?"

"न्हाई वो, औषध हाय."

बाईंनी पुढं विचारलंच नाही. मी ठणठणीत, पोरगी कॉलेजात, म्हणजे आजारी सुभेदारच! वाटी तशीच घेऊन गल्लीभर फिरल्या.

इकडं मी अंगणात संडास धुवायच्या अ‍ॅसिडात अर्क ओतला, हातमोजे चढवले, काथ्यानं ट्रंक घासली. गंज असा पळाला, जसे पोलीस बघून जुगारी! पाणी मारलं. लोखंड लख्ख! पण झाकणावरचं 'सुभेदार आकाराम' आणि नंबर? तो पांढरा रंग गंजावरच तगून होता. गंजाबरोबर तोही वाहून गेला! वहीत हे कुठं होतं?

तेवढ्यात हे आले. मागोमाग बिस्किटांचे पुडे घेऊन आठ बायका.

"भावजी, हिंडताय कशापायी? पडा की!"

"मला काय झालंय?"

कुणीतरी फोन केलेला, म्हणून शिवांजलीही धापा टाकत आली. "आबा! बरं हाय न्हवं?"

ह्यांचं लक्ष ट्रंकेवर. कोऱ्या झाकणावरून त्यांनी हात फिरवला. मी पदर चावत उभी.

शिवांजली वाकून बघत म्हणाली, "आबा, लोखंडाला धक्का न्हाई बघा!"

"व्हय. गंजच ऱ्हायला न्हाई," हे खाली बसले. "आता कशाचं नाव सांगून थांबवू तुला? जा. तुजं नाव घाल हिच्यावर." सुलाबाईंनी बिस्किटांचा पुडा पदराआड घेतला. "खरं सांगू, शिवा? तू गेलीस की घर खायाला उठंल गं मला."