एक पाय कमी

माझ्या दुकानातल्या चौरंगाला तीन पाय आहेत. चौथ्याच्या जागी मी तांदूळ मोजायचे माप उपडे घालून ठेवतो. नवे गिऱ्हाईक टेकले की माप सरकते आणि गिऱ्हाईक जमिनीवर येते. ही करणी अंतोन सुताराची. मी भाव उतरवला, त्याने पाय उतरवला.

ठाण्याच्या बाजारात डोक्यावर पोती वाहून मी हे दुकान उभे केले. घासाघिशीत मला हरवणारा माणूस कल्याणपर्यंत सापडायचा नाही. कापडवाला रडतो, तेली शपथा घेतो, शेवटी सगळे खाली येतात. अंतोन रडत नाही. आपण कमी भाव सांगावा, त्याने "बरा, शेठ" म्हणावे, आणि काय गेले ते वस्तू घरी आल्यावर कळावे. वकिलांच्या कपाटाला पाठ नाही. भटजींच्या दाराला कडी नाही; ते दाराला पाटा लावून निजतात. जाब विचारला की म्हणतो, "तुम्ही कापला, म्या बी कापला."

तो कुणाचा नोकर नाही. कारखान्यात बरी जागा मिळत होती, तीही नाकारली. मनाला येईल त्याचे काम घ्यायचे, मनाला येईल तेव्हा. नाताळाच्या आठवड्यात तर कुणाचेच नाही.

माझ्या लेकीला मुलगा झाला तो नेमका त्याच सुमारास. पहिले बाळंतपण आणि व्याही तिखट. बारसे नाताळाच्या दुसऱ्या दिवशी. पाळणा हवाच होता. मी खाडीकडच्या त्याच्या घरी गेलो. ओटीवर तो सागाच्या लांबलचक फळीवर रंधा मारत होता. शेजारी त्याची बायको इसाबेल फराळाच्या नेवऱ्या लाटत होती.

सवयीने मी भाव पाडला. तो "बरा" म्हणाला. "पन हा बाक झाला की मंग पाळणा."

"जास्त देतो. आधी पाळणा कर."

"जास्त दिलात त काय, पाळण्याला पाय लावू?"

"अरे, पण एवढा बाक कशाला?"

"तेच इचारा त्याला," इसाबेल म्हणाली. "दोघं पोरगे भुसावळला आगगाडीवर, पोरगी लगीन होऊन कराचीला. दर नाताळाला सांगावा येतो, जमत नाय. आन हा म्हनतो, नातवंडं वाढली, जुना बाक पुरत नाय! म्या म्हनते, अर्धा काप."

मला हेच हवे होते. "बरोबर बोलतात त्या. माणसे कमी, तर बाक कमी. तुझाच तर नियम!"

रंधा थांबला. "शेठ, हा सौदा तुमचा नाय," तो म्हणाला आणि पुढे माझ्याकडे बघेना.

मी तणतणत परतलो. बिनतळाचा पाळणा येणार आणि व्याह्यांसमोर माझी शोभा होणार, हे सगळ्या बाजाराला सांगून ठेवले.

नाताळाच्या दुपारी मी भांडायच्या तयारीनेच गेलो. ओटीवर पाळणा होता. मी तो उलटा केला, तळ दाबला, कठडे हलवले, कड्या ओढल्या. काही कमी नव्हते. उलट, वर लाकडाचा रंगवलेला पोपट टांगलेला होता. तो मी सांगितलाच नव्हता.

"यात कापलंस काय?" मी विचारले.

"तान्ह्या पोराच्या वस्तूत काय कापू, शेठ?"

आत नवा बाक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता. एका टोकाला दोघांची पाने. "बसा, जागा हाय," अंतोन म्हणाला. इसाबेलने पाण्याचा तांब्या उचलला, मग आठवून परत ठेवला आणि मला सालीसकट केळे दिले. आमच्या जातीत त्यांच्या घरचे एवढेच चालते. मी मधोमध बसलो. बाक जराही हलला नाही.

केळे सोलतो आहे तोच स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. अंतोनचा घास हातातच राहिला. तो दाराकडे बघू लागला.

"मालगाडी हाय ती," इसाबेल म्हणाली.

तरीही मी थोडा सरकून बसलो.