भिंतीवरचं राहिलेलं फूल

श्रावणजी कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी विचारतात, "घरात एक्सरे आहे का?"

नवखा माणूस घाबरतो. आपल्या तोंडावर काही दिसलं की काय, असं त्याला वाटतं. पण श्रावणजींना कोणाच्या दुखण्याशी देणंघेणं नाही. त्यांना ती काळी फिल्म हवी असते. ताठ राहते, भिजत नाही, ब्लेडनं सहज कापली जाते. तिच्यात वेल, कोयरी, कमळ कापायचं, ती भिंतीवर धरायची आणि वरून रंगाचा स्पंज हलका हलका मारायचा. फिल्म उचलली की भिंतीवर फूल. दुकानवाले याला स्टेन्सिल म्हणतात, श्रावणजी साचा म्हणतात. वॉलपेपरच्या खर्चाच्या पाव हिश्शात खोली होते.

असे साठेक साचे त्यांच्याकडे आहेत, आणि प्रत्येकाला ते मूळ मालकावरून ओळखतात. "ही वेल मास्तरच्या मणक्यातली. हे कमळ पोस्टमनच्या गुडघ्यातलं." पोस्टमनच्या गुडघ्यातली कमळं आज निम्म्या मोहल्ल्याच्या बेडरूममध्ये फुललेली आहेत. माझ्याही. आणि त्याबद्दल माझी श्रावणजींवर एक तक्रार आहे, ती अजून मिटलेली नाही.

माझं लकडगंजात मिरचीचं दुकान आहे. भिवापूरहून एक पोतं आणून रस्त्याच्या कडेला बसले होते, तिथून इथवर आले. मिरची मुठीत दाबली की आवाजावरून मी तिचा ओलावा सांगते. मला सहसा कोणी फसवत नाही. ज्यांनी फसवून पाहिलं, ते आता दुसरीकडून मिरची घेतात. मुलगा पुण्याला असतो. लग्नानंतर पहिल्यांदा दिवाळीला सुनेला घेऊन येणार होता, म्हणून त्यांची खोली सजवायची होती. वॉलपेपरवाल्याचा भाव ऐकून मी त्याला विचारलं, "सोबत भिंत पण देतोस का?" आणि तिथून उठले ती थेट श्रावणजींकडे.

श्रावणजी मूळचे विणकर. माग बंद पडला, पण बोटं बंद पडली नाहीत. ती भिंतीवर आली. त्यांनी खोली पाहिली आणि दोनशे चाळीस कमळं लागतील म्हणाले. मी भावावरून इतकी भांडले की ते म्हणाले, "बाई, तुम्ही मिरची विकता का चावून बोलता?" शेवटी अर्ध्यावर आले. फार ताणलं नाही. तिथंच मला संशय यायला हवा होता.

काम दोन दिवसांचं होतं. अठरा दिवस लागले. घर वर आणि दुकान खाली, म्हणून मी तासातासाला जिना चढून पाहायची. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून ते रेघ उमटवायचे, तिच्यावर एक ओळ छापायचे आणि खुर्ची ओढून समोर बसायचे.

"आता काहून बसले?"

"रंग वाळून राहिला."

"त्याले वाळाले तुमची काय गरज?"

"एकटा रंग बरोबर वाळत नाही, बाई."

मग चहा. मग मिरचीच्या बाजाराची चौकशी, जणू यांचे ट्रक उभे आहेत. जेवायला वाढलं की भाजीत तिखट कमी आहे म्हणायचे. तेही मिरचीवालीच्या घरी. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी त्यांचा स्पंज खाली अंगणात फेकला. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते स्पंज धुऊन हजर. "धुवायचाच होता," म्हणाले.

दिवाळी आली. सुनेला खोली आवडली. तिनं फोटो काढले आणि काढता काढता म्हणाली, "आई, खिडकीच्या वर एक फूल नाहीये."

मी मोजलं. दोनशे एकोणचाळीस.

तीन दिवस राहून दोघं पुण्याला गेले. त्याच दुपारी मी श्रावणजींच्या घरी निघाले. वाटेत मास्तरांकडे डोकावले. त्यांच्या वेलीलाही एक पान कमी. पोस्टमनकडे एक कमळ कमी. म्हणजे माणूस सराईत निघाला.

"श्रावणजी, दोनशे चाळीसचा सौदा होता."

"दिसलं?" त्यांचा चेहरा खुलला. "मास्तरले दीड वर्ष लागलं."

"काहून सोडलं?"

"बाई, मागावरून लुगडं उतरवताना उभ्या धाग्यांचा ताणा पुरा कापत नाही. वीतभर धागे ठेवतात. नवे धागे त्यालेच गाठी मारून जोडतात. सगळंच कापलं तं पुढचं जोडता कशाले?" मग म्हणाले, "फूल राहिलं म्हणून लोक बोलावतात. मी जातो. चहा होते, दोन गोष्टी होतात. मास्तरनं पाचदा बोलावलं. दर खेपेले मी रंगच घरी विसरतो."

मी भांडण तयार करून नेलं होतं. पण नजर त्यांच्या भिंतीवर गेली. एकच खोली, पण चारही भिंतींवर लुगड्यांचे काठ, छतावर बुट्टे. सवयीनं मी मोजत गेले. दारामागे, बटणांच्या वर, कोपऱ्यात अर्धं फूल मावेल तिथं अर्धं. एकही जागा सुटलेली नव्हती.

"इथं नाही सोडलं एखादं?"

"इथं कोण बोलावते मले?" असं म्हणून ते चहा ठेवायला उठले. घरात कप एकच होता. तो मला दिला, स्वतः स्टीलच्या वाटीत घेतला.

मी निघताना बजावून सांगितलं, सौदा म्हणजे सौदा, माझं फूल मला पाहिजे, गुरुवारी दुकान बंद असतं तेव्हा या. ते आले. रंग विसरले होते. पुढच्या गुरुवारी स्पंज विसरले. आता त्या खोलीत दोन खुर्च्या कायमच्या आहेत. पलंग झाकून ठेवलाय. मुलगा म्हणाला, पुढच्या दिवाळीचं बघू. आम्ही खिडकीवरच्या रिकाम्या जागेसमोर बसून चहा पितो. मी ओरडते. ते भाजीत तिखट कमी असल्याचं सांगतात.

परवा मात्र ते सगळं घेऊन आले. डबी, स्पंज, पोस्टमनचा गुडघा.

"जिने चढवत नाहीत आता," म्हणाले. "तुमचा सौदा पुरा करून टाकतो."

मी डबी उघडून उजेडात धरली. रंग तोच होता. पण चांगल्या मालात खोट काढायची मला जुनी सवय आहे.

"हा तो रंग नाही," मी म्हटलं. "यात जांभळं जास्त आहे. असला माल मी घेत नाही. बरोबर रंग घेऊन पुढच्या गुरुवारी या. जिन्यात मी हात देईन."

श्रावणजींनी डबीत पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली.

"थोडा फरक आहे खरा," ते म्हणाले.