लमलूमची गाडी

"हँडब्रेक सोडून ठेवलाय उस्ताज. ज्याला अडेल त्यानं ढकलावी. आपल्या शुब्राच्या अरुंद गल्ल्यांत आणखी कशी लावतात गाडी?" दार अर्धवट उघडून लमलूम म्हणाला.

"ढकलली की बोंबलते ती," वगदी म्हणाले.

"म्हणजे अलार्म चांगलाय."

लमलूमची नवी गाडी रोज दुसऱ्या रांगेत, फुटपाथलगतच्या गाड्यांची वाट अडवून उभी असे. आतली गाडी काढायला कुणी ना कुणी तिला ढकलत असे आणि ती गळा काढत असे. सुरुवातीला लमलूम खिडकीत यायचा. मग तोही यायचा बंद झाला. गल्लीत आता कुणी मानसुद्धा वर करत नसे.

वगदी भूगोलाचे निवृत्त शिक्षक, म्हणून सगळ्या गल्लीचे उस्ताज. बायको आयदा रात्र रात्र तळमळायची, त्यामुळे त्यांची झोप काय ती दुपारची. संध्याकाळी तिला फुटपाथलगत लावलेल्या जुन्या निळ्या गाडीतून डायलिसिसला न्यायचं असे. एकदा स्टिअरिंगवरच त्यांचा डोळा लागला होता. तेव्हापासून आयदा, बोलायचं त्राण नसलं तरी, वाटभर त्यांच्याशी बोलत राही.

त्या दुपारी अलार्म सुरू झाला तो थांबेचना. वगदी चष्मा न लावताच खाली उतरले. दोन तरुण लमलूमच्या गाडीला रेटत होते.

"काका, जरा हात लावता? आतली काढायचीय."

"कोपऱ्यापर्यंत न्या तिला," वगदी म्हणाले आणि त्यांनी खांदा लावला. सगळा राग त्या रेट्यात उतरला. गाडी कोपऱ्यावर जाऊन गप्प झाली.

"जा काका, झोपा निवांत."

"देव तुमचं भलं करो," वगदी मनापासून म्हणाले आणि मागे न पाहता जिना चढले. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

आयदानं हलवून उठवलं तेव्हा तिच्या खांद्याला इस्पितळाची पिशवी होती. दोघं खाली आली. निळ्या गाडीच्या जागी तेलाचा डाग तेवढा होता. आयदा पायरीवर बसली.

लमलूम चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला. "दुपारी अलार्म वाजला खरा. मला वाटलं, कुणीतरी ढकलत असेल."

"ढकलतच होते."

"म्हणजे तुम्ही पाहिलंत? किती जण होते?"

वगदींनी आयदाच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली.

"तीन," ते म्हणाले.