रविवारी लागणारा दिवा

दिवा फक्त रविवारीच लागायचा, आणि तोही कामठ्याहून परतताना. समोर स्टेरिंगचं पिवळं चित्र उजळायचं आणि त्याच क्षणी खरं स्टेरिंग इतकं जड व्हायचं, की राजदीपला चिखलात नांगर धरल्यासारखं वाटे. मुर्री गावातल्या आपल्या घरी पोचेपर्यंत त्याचे दंड भरून येत. सोमवारी सकाळी मात्र गाडी अशी सोज्वळ चाले, जणू काल ती घरीच निजून होती.

फुलचूरच्या खुशाल मिस्त्रीनं गाडीचा बिघाड वाचणारं यंत्र जोडून पाहिलं.

"साहेब, स्टेरिंग किती फिरली ते गाडीले सांगणारा एक सेन्सर राहते. अँगल सेन्सर. तो मधातच मुका होऊन राहिला. तुम्ही कुठी वळून राहिले, ते गाडीले समजतच नाही."

"मंग बदला ना."

"आता तर बोलून राहिला. बोलत्याले काऊन बदलू?"

तरी बॅटरी बदलून झाली. तारा पुसून झाल्या, चाकं सरळ करून झाली. शेवटी नागपूरहून नवा सेन्सरही आला. खुशालनं गाडी मैदानावर गोल-गोल फिरवली, इतकी की शेजारच्या पानठेल्यावरच्या माणसाला भोवळ आली. दिवा लागला नाही. राजदीपनं समाधानानं हात जोडले, आणि पुढच्याच रविवारी दिवा लागला.

"कुठी लागला?" खुशालनं विचारलं.

"कामठ्यातच. सासूच्या दारातून उजवीकडं पूर्ण वळलो का लागते."

"अन् जाताना?"

"जाताना नाही लागत."

खुशालनं हात पुसले. "साहेब, ह्या यंत्रात सासरवाडीचा कोड नाही येत."

त्या रात्री राजदीप जेवला नाही. पाटबंधारे कार्यालयात जन्म गेला होता. पाणी कुठं मुरतं ते शोधण्याचीच नोकरी होती, आणि घरची गाडी कुठं मुरते ते सापडत नव्हतं. "आता कामठा बंद," तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "रस्त्यात वळलीच नाही तं सरळ धानाच्या बांधीत जाऊ."

त्याची बायको अल्का त्याचं ताट झाकता-झाकता थांबली. वडील गेल्यापासून तिची आई, कुसुमबाई, कामठ्यात एकटी होती. आठवड्यातले सहा दिवस ती सातव्याची वाट पाहण्यात घालवी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी राजदीपला ठाऊक नव्हती. लग्नाच्या मंडपात त्यानं माईकवर जाहीर केलं होतं, की मी हुंडा घेणार नाही, आंदण घेणार नाही, सासरचा दाणाही घेणार नाही. टाळ्या खूप पडल्या. पण लेकीला रिकाम्या हातानं धाडायची कुसुमबाईच्या घरी रीत नव्हती. राजदीप शब्दाचा पक्का. निघताना तो डिक्की उघडून पाही, सीटखाली हात घाली, वननाक्यावरच्या शिपायासारखा. तेव्हा कुसुमबाईनं तो जिथं कधीच पाहणार नाही अशी जागा शोधली. त्याच्या स्टेरिंगच्या खाली. तिथलं प्लास्टिकचं झाकण आधीच्या मालकानंच हरवलं होतं. लाखोरीच्या डाळीचं गठुडं ती त्या पोकळीत, तारांच्या मधोमध कोंबून देई. घरी राजदीप फाटक लावायला वळला की अल्का ते काढून घेई.

खुशालचं बोलणं आणि आईचं गठुडं, दोन्ही एकत्र जुळली ती अल्का ताटं घासत असताना. गाडी वळली की गठुड्यानं तारा ताणत, आणि सेन्सर मुका होई.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला फोन केला. "माय, आता तिथी ठेवू नको. माह्या पिशवीत दे."

"तुह्या पिशवीत मावते का? मूठभर मावन. जावईबापूच्या गाडीत कशी ऐसपैस जागा आहे."

अल्कानं राजदीपला कसंबसं तयार केलं आणि ते पुन्हा कामठ्याला गेले. दिवा लागला नाही. पुढच्या रविवारीही नाही. अल्कानं सुटकेचा श्वास सोडला, आणि राजदीप म्हणाला, "बरी आहे तवरच विकून टाकू."

"काऊन जी? लागत तं नाही आता."

"म्हणूनच तं. लागे तवा माहीत तरी राहे. आता लपून बसला आहे."

गिऱ्हाईक आलं. गोंदियाचा विक्की, जुन्या गाड्यांचा व्यापारी. तो अंगणात चहा पीत होता, तेव्हा अल्का एका हातात झाडू घेऊन, दुसरा पदराखाली धरून गाडी झाडायला गेली. ती इतक्या मनापासून झाडत होती, की राजदीपला आपल्या बायकोची दया आली.

विक्कीनं गाडी गल्लीत काढली आणि उजवीकडं पूर्ण वळवली. दिवा लागला. विक्की दोन्ही हातांनी स्टेरिंगला लोंबकळला.

"भैया, ये तो बैल से भी जिद्दी है." तो खाली वाकला, चाचपडला आणि त्यानं एक गठुडं ओढून काढलं. चावी बंद करून पुन्हा फिरवली. दिवा गेला. "लो, फॉल्ट मिल गया. दाल है."

राजदीपनं गठुडं हातात घेतलं. हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. ते लुगडं त्यानं सासूच्या अंगावर शंभरदा पाहिलं होतं. त्यानं अल्काकडं पाहिलं. अल्का दोरीवरचे कपडे पाहत होती.

"गाडी नाही देत," तो विक्कीला म्हणाला.

"क्यों? अब तो ठीक हो गई."

"तेच तं."

विक्की गेल्यावर राजदीप पायरीवर बसला.

"कधीपासून?"

"लग्नापासून. गाडी नव्हती तवा बसमंधी माह्या मांडीवर राहे."

"अन् मी खात होतो?"

"दोन-दोनदा मांगून."

मंडपातल्या सगळ्या टाळ्या त्याच्या कानात परत वाजल्या. गठुडं पायरीवरच ठेवून तो आत गेला. अल्काला वाटलं, आता आईचा रविवार संपला.

रविवारी त्यानं स्वतःच गाडी काढली. कामठ्यात चहा झाला. निघताना त्यानं नेहमीसारखी डिक्की उघडून पाहिली, सीटखाली हात घातला. यावेळी अल्काची पिशवीही झाडून घेतली. कुसुमबाईचा चेहरा उतरला.

"मी जरा बांधीवरून फिरून येतो," राजदीप म्हणाला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं ठेवून तो निघून गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच खोकत आला.

कुसुमबाई दारात हात बांधून, निष्पाप उभी होती.

उजवीकडं वळताना दिवा लागला. राजदीपनं ओठ आवळले, दोन्ही दंड लावले आणि अंगातलं सगळं बळ एकवटून गाडी रस्त्यावर आणली. कपाळावरून घाम ओघळला.

"का झालं जी?" अल्कानं विचारलं.

"काही नाही," तो धापा टाकत म्हणाला. "चांगली चालून राहिली गाडी."