उबदार तटस्थ बीळ

एका जंगलात, बाळांनो, मातीला माती म्हणायची सोय उरली नव्हती. तिथे कुमुदिनीबाई ससे राहत. बीळ प्रशस्त होतं, नवरा गरीब होता, पिल्लं गुटगुटीत होती. दुःखाला काही कारणच नव्हतं. म्हणून बाईंनी एक शोधून काढलं. बिळाच्या भिंती!

"गेरू फासू या की," नवरा तात्या म्हणाला. "आई दर दिवाळीला फासायची. कसं लालभडक दिसायचं!"

"अहो, तुम्ही गप्प बसा," म्हणत बाईंनी सरडेसरांना बोलावलं.

सरडेसर म्हणजे जंगलातले रंगतज्ज्ञ. रंग बदलण्यातच हयात गेलेली, म्हणून सगळे त्यांचा सल्ला घेत. गेरूचं नाव काढताच सर पांढरेफटक पडले.

"लाल? लाल आता कोणी लावत नाही, मॅडम. तुम्हाला हवाय 'उबदार तटस्थ'."

"तटस्थ म्हणजे हो?" तात्यानं विचारलं.

"कोणाचीच बाजू न घेणारा."

"आणि उबदार?"

"तरी आपलासा वाटणारा."

बाई भारावून गेल्या. रंग लागला. तात्या भिंतीकडे बघतच राहिला. "अगं, ही तर आपली मातीच!"

"तुम्हाला मेली नजरच नाही," बाई फणकारल्या.

मग त्यांनी हळदीकुंकू ठेवलं. शेजारपाजारच्या सगळ्याजणी आल्या. चिवडा खाल्ला, लाडू खाल्ले, बिळभर हिंडल्या. निघताना घूसबाई प्रेमानं म्हणाल्या, "छान झालं हो सगळं. आता रंग कधी देताय?"

त्या दिवशी बाई जेवल्यासुद्धा नाहीत. कुणीतरी एकानं आपल्या रंगाला रंग म्हणावं, एवढीच इच्छा आता उरली होती.

आणि एका दुपारी बिळात कोल्होपंत शिरले. पोटात कावळे ओरडत होते, नाक मात्र पडशानं चोंदलं होतं. तात्यानं बायकोला आणि पिल्लांना ओढून भिंतीला चिकटवलं. आणि गंमत पाहा! ससे मातकट, भिंत मातकट. पंतांना काही म्हणजे काही दिसेना. बाईंचा रंग अख्ख्या कुटुंबाला पावला, बाळांनो! टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण हळू वाजवा.

"रिकामंच दिसतंय," पंत पुटपुटले आणि माघारी वळले. दाराशी पोचल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "आणि भिंती तर नुसत्या मातीच्या. रंगसुद्धा दिला नाही लेकाच्यांनी!"

तात्यानं चटकन बायकोच्या तोंडावर पंजा दाबला. पण उशीर झाला होता.

"माती नाही हो ती!" भिंतीतून आवाज आला. "उबदार तटस्थ आहे!"

पंत थबकले. "अरे वा! तरीच म्हटलं, काहीतरी खास आहे. जरा उजेडात येऊन समजावून सांगाल का?"

बाईंचे डोळे भरून आले. या जंगलात एक तरी रसिक होता! पंज्यातून सुटून, पदर सावरत त्या लगबगीनं पुढे झाल्या. तात्या पिल्लांना घेऊन मागच्या वाटेनं पळाला.

पुढचं सांगत नाही. तुम्ही अजून लहान आहात.

दुसऱ्या दिवशी सरडेसर काम पाहायला आले. बिळात कोणी नव्हतं. दाराजवळच्या भिंतीवर मात्र लाल शिंतोडे उडाले होते. सर मान तिरकी करून बराच वेळ पाहत राहिले. मग खूश होऊन स्वतःही थोडे लाल झाले.

"वा! एकच भिंत लाल," ते म्हणाले. "आता हीच फॅशन आहे."

तात्पर्य : घराचा रंग नेहमी चोखंदळपणे निवडावा. आलेला पाहुणा उपाशी जात नाही.