गोलाबाहेरचा पोचा

गाडी देखभालीसाठी गॅरेजमध्ये सोडताना ग्राहकाने पूर्वस्थिती पत्रकावर सही करायची असते. पत्रकावर वरून पाहिलेल्या गाडीचं चित्र छापलेलं असतं. आधीपासून जिथे ओरखडा किंवा पोचा असेल तिथे गॅरेजच्या माणसाने गोल करायचा, म्हणजे नंतर कुणी कुणावर आळ घ्यायला नको. पद्धत चांगली आहे. पण या गॅरेजात रोज साठ गाड्या येत, आणि प्रत्येक गाडीभोवती फिरायचं तर चहा निवायचा. म्हणून काउंटरवरच्या सल्लागाराने या पद्धतीत सुधारणा केली होती. तो जागचा न उठता अख्ख्या गाडीला एकच मोठा गोल मारायचा.

हेडक्लार्कांनी त्या गोलाखाली सही केली. न वाचता. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण गल्लीत सगळे अजून हेडक्लार्कच म्हणत. चौतीस वर्षं लोकांना 'इथे सही करा' असं सांगण्यात गेल्यामुळे कुणी त्यांनाच तसं म्हटलं की हात आपोआप पुढे जायचा.

संध्याकाळी गाडी धुऊनपुसून परत मिळाली. उजव्या दारावर हातभर लांब ओरखडा होता.

"हा सकाळी नव्हता," हेडक्लार्क म्हणाले.

सल्लागाराने पत्रक काढलं. "काका, गोलात आहे."

"गोलात अख्खी गाडी आहे."

"हो ना. म्हणून तर ओरखडाही गोलात आहे."

"उद्या तुम्ही चाकं काढून घेतलीत तर?"

सल्लागाराने चित्र नीट निरखलं. "चाकंही गोलात आहेत," तो म्हणाला.

हेडक्लार्क घरी गेले आणि फोटो शोधून परत आले. फोटो वर्षभरापूर्वीचा. उजव्या दाराला टेकून त्यांची बायको उभी होती, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. तिच्या पाठीमागचं ते दार आरशासारखं चकचकीत.

गॅरेजच्या व्यवस्थापकाने फोटो लांब धरून पाहिला. "दार अर्धंच दिसतंय. मधे बाई उभ्या आहेत."

"ती माझी बायको."

"त्या थोड्या बाजूला सरकल्यात, असा फोटो नाही का?"

"नाही. आता निघणारही नाही."

"मग त्यांनाच घेऊन या. आपल्या मागचं दार स्वच्छ होतं, एवढं लिहून दिलं तरी चालेल."

"ती गेली. आठ महिने झाले."

व्यवस्थापक हळहळला. अगदी मनापासून हळहळला. मग तक्रारीची फाइल पुढे ओढून म्हणाला, "मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. साक्षीदार हजर का नाही, त्या रकान्यात काहीतरी लागेल."

हेडक्लार्कांनी प्रत जोडली. असा रकाना त्यांच्या ऑफिसातही होता. तो त्यांनीच वाढवला होता.

मुलीचा फोन आला. "बाबा, सोडा ना तो ओरखडा. आईचा पोचा घेऊन गावभर फिरता, त्याचं काही वाटत नाही तुम्हाला."

"तो पोचा वेगळा," हेडक्लार्क म्हणाले.

वेगळा होताच. बायकोने अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातली. खाली उतरून, पदर सारखा करून म्हणाली, "खांब पुढे आला." डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यात वाटीएवढा पोचा पडला. तेव्हा हेडक्लार्क महिनाभर कुरकुरत होते, पण दुरुस्ती राहून गेली. आता सकाळी गाडी पुसताना त्या वाटीशी आलं की फडकं हळू व्हायचं.

तरीही त्यांनी तक्रार सोडली नाही. त्यांनी लेखी निकाल मागितला. लेखी निकाल द्यायचा तर समिती लागते, म्हणून तीन जणांची समिती नेमण्यात आली. समितीने गाडी आत मागवून घेतली, मूळ पत्रक भिंगाखाली धरलं आणि चौथ्या दिवशी अहवाल दिला. ओरखडा गोलात असल्याने तो पूर्वीचाच ठरतो. मात्र गोल काढताना पेन किंचित सरकलं असून गाडीचा डावा मागचा कोपरा गोलाबाहेर राहिला आहे. त्या कोपऱ्यात एक पोचा आढळला. तो गोलाबाहेर असल्याने गाडी दाखल झाली तेव्हा नव्हता. अर्थात तो गॅरेजमध्येच पडला. गॅरेज चूक मान्य करत असून दुरुस्ती विनामूल्य करण्यात येईल.

हेडक्लार्क धावतच गेले. "अहो, तो जुना आहे. माझ्या बायकोनं पाडलाय."

"काका, तुम्ही आम्हाला सांभाळून घेताय, हा तुमचा मोठेपणा," व्यवस्थापक म्हणाला. "पण चूक ती चूक."

"तुमची चूक नाही हो. खरंच नाही."

"पुरावा?"

हेडक्लार्कांनी खिशातून फोटो काढला. फोटोत गाडीची फक्त उजवी बाजू होती.

"साक्षीदार?" व्यवस्थापकाने विचारलं. मग स्वतःच फाइल उघडली, जोडलेला दाखला पाहिला आणि फाइल बंद केली.

"गाडी कुठे आहे?"

"काम झालंसुद्धा. आम्ही तक्रारी लोंबकळत ठेवत नाही."

कोपरा असा गुळगुळीत झाला होता की हेडक्लार्कांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. ओरखडा जागच्या जागी होता. काउंटरवर सल्लागाराने समाधान पत्रक पुढे सरकवलं. "काका, इथे सही करा." हात आपोआप पुढे गेला.

घरी पोचल्यावर ते फाटकाशी थांबले. खांबावर गुडघ्याच्या उंचीला गाडीच्या रंगाचा पट्टा अजून होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी हळूहळू मागे घेतली. खांब पुढे आला नाही. दुसऱ्या खेपेला जोर जास्त झाला आणि मागचा दिवा फुटला. पोचा पडला तो वीतभर उजवीकडे, आणि बशीसारखा उथळ. बायकोला तिसऱ्या दिवशी जमलं, ते त्यांना तीस वर्षांच्या सरावानंतर जमलं नाही.

दिवा बदलायला गाडी पुन्हा गॅरेजात गेली. सल्लागाराने बसल्या जागी पेन उचललं.

"यावेळी गोल नीट काढा," हेडक्लार्क म्हणाले. "काही बाहेर राहायला नको."

तुम्हाला हसू आलं असेल तर हरकत नाही. पण तुमची गाडी शेवटची गॅरेजात गेली तेव्हाच्या पत्रकाची तुमची प्रत घरात कुठेतरी असेल. ती काढा आणि गोलाबाहेर काय राहिलंय ते बघा. खाली सही तुमचीच आहे.