हवालदारांच्या सव्वीस सह्या

मी एका माणसाची खोटी सही केली आहे. एकदा नव्हे, सव्वीस वेळा. हे बायकोला ठाऊक नाही, मुलांना नाही, आणि ज्या कारखान्यात मी पुढे जन्म काढला तिथेही कुणाला मी सांगितलं नाही. आणि सही तरी कुणाची? ज्याच्या सहीला आधी साबण लागायचा, त्याची.

रंगराव ज्ञानू सूर्यवंशी, गाव पलूस. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना हवालदारच म्हणत. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते शिकाऊ उमेदवारांचे सुपरवायझर होते. सही करायची वेळ आली की आधी नळावर जायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, पंच्याला पुसायचे, खिशातलं स्वतःचं पेन काढायचे आणि श्वास रोखून पूर्ण नाव लिहायचे. मधल्या ‘ज्ञ’पाशी आले की जीभ ओठाबाहेर यायची. अक्षरओळख फौजेत झाली होती, तीही पंचविशी उलटल्यावर.

“बापाचं नाव गणू आसतं तर दोन वर्सं आदी सही आली आसती,” म्हणायचे.

डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही नाही, हा त्यांचा कायदा. गोदामातला माल उतरवून घेण्याचं कामही त्यांच्याकडे होतं; चाळीस खोकी आली तर चाळीसही उघडायला लावत. ट्रकवाला शिव्या घालत बसे. हेडक्लार्कच्या निरोप समारंभाला मानपत्र निघालं : मनमिळाऊ, प्रेमळ, वक्तशीर. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. हवालदार हात धुऊन आले, कागद वाचला आणि म्हणाले, “ह्यो गडी प्रेमळ? कवा? मी तर बघितला न्हाई.” शेवटी त्यांनी ‘वक्तशीर’ या शब्दाखाली रेघ मारली आणि तेवढ्यापुरतीच सही केली. हेडक्लार्कने ते मानपत्र घरी नेलंच नाही.

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची. मी माधवनगरचा. वडील तिथल्या कापडगिरणीत मागावर होते, आणि गिरणीत महिन्यातले पंधरा दिवसच काम निघत होतं. मी साताऱ्यात एक वर्षासाठी शिकाऊ म्हणून लागलो. वर्षाअखेर प्रमाणपत्र मिळालं आणि साहेबांच्या मनात आलं, तर पर्मनंट. घरचे सगळे या एका शब्दाकडे डोळे लावून बसले होते.

आम्हाला एक छापील वही मिळे, रोजचं काम लिहायला. आठवड्याला त्यावर सुपरवायझरची सही, आणि त्या वहीवर प्रमाणपत्र. सगळी पोरं एकमेकांचं बघून लिहायची : ‘लेथवर सराव.’ लोखंड कातायच्या त्या यंत्राला हातही लावला नव्हता, तरी मीही लिहिलं.

हवालदारांनी वही डोळ्यांपुढे धरली. “लेथ कवा बघितलास रं? सोमवारी तर तू साहेबांची स्कूटर पुसत हुतास.”

“पण तसं कसं लिहायचं?”

“पुसलीस का न्हाई?”

“पुसली.”

“मग लिव्ह की गड्या. वल्ल्या फडक्यानं का कोरड्या, त्येबी लिव्ह.”

बाकीच्या पोरांनी ऐकलं नाही, त्यांच्या वह्या बिनसहीच्या राहिल्या. मी लिहू लागलो. झाडलोट केली. चहा आणला. लेथ पुसला, चालवला नाही. आणि शेवटी एक रकाना हवालदारांनी स्वतः पट्टीने आखून दिला : ‘आवाज’. कारण मी बोलायचो ते माझ्या शर्टाच्या गुंड्यांनाच ऐकू जायचं. संध्याकाळी सगळी मशिनं चालू असताना ते शेडच्या त्या टोकाला उभे राहत आणि या टोकावरून मी दिवसाचा रिपोर्ट द्यायचा. मग निकाल लागे. मुंगी, मांजर, शेळी, बैल. या चार इयत्ता.

“आज काय शिकला न्हाईस, ते आदी सांग! सावधान! माझ्या डोळ्यांत बघ, बुटात काय हाय?”

दोन महिने मी मुंगी होतो. शेड हसायची. तिसऱ्या महिन्यात मांजर झालो. मग एके दिवशी फोरमनने ड्रिलिंगच्या मध्येच चहाला पिटाळलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढं भोक पाडून झालं की आणतो.” त्या दिवशीचा हवालदारांचा शेरा अजून माझ्यापाशी आहे : ‘आवाज शेळी. पन शिंगं फुटाय लागल्यात.’

स्कूटर मात्र चालूच होती. एका सकाळी हवालदार साहेबांसमोर उभे राहिले. “साहेब, पोरं लेथ शिकाय आल्यात. फडकं मला द्या.” आणि छातीवर फौजेतली पदकं लावून त्यांनी फाटकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तीन दिवस स्कूटर पुसली. पुसून झाली की स्कूटरला कडक सॅल्यूट. चौथ्या दिवशी साहेब बसने आले.

पण आठवड्याने फडकं पुन्हा आमच्याच हातात आलं. तेव्हा हवालदारांनी हात धुतले आणि सरकारी कचेरीला पत्र लिहिलं : इथं पोरांना काम शिकवत नाहीत, येऊन बघा, पुरावा आहे. पुरावा म्हणजे माझी वही.

इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोरी वही होती.

“नीट लिहून काढ. सह्यांसकट. जुनी जाळून टाक. वडील गिरणीत आहेत ना तुझे? वर्षाअखेरच्या पर्मनंटची यादी आत्ताच करतोय मी.”

‘नाही’ म्हणायला मला शिकवलं होतं. मी कोरी वही उचलली आणि काखेत मारून बाहेर आलो.

रविवारी दुपारी खोलीचं दार लावून मी सव्वीस आठवडे लिहिले. सव्वीस सह्या केल्या. ‘ज्ञ’ला माझीही जीभ बाहेर आली. हात मात्र धुतले नाहीत.

इन्स्पेक्टर आले. हवालदारांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. “ह्या पोराची वही बघा साहेब. सगळं हाय तिच्यात.”

इन्स्पेक्टरांनी पानं उलटली. लेथवर सराव, ड्रिलिंग, लेथवर सराव. “यात तर सगळं व्यवस्थित आहे. या सह्या तुमच्याच ना?”

हवालदारांनी वही हातात घेतली. एक पान बघितलं, मग दुसरं. मग माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघत होतो. ‘माझी न्हाई’ एवढंच ते म्हणाले असते, तर त्यांचं पत्र खरं ठरलं असतं आणि माझं प्रमाणपत्र गेलं असतं. कदाचित पोलीसही आले असते.

“व्हय,” हवालदार म्हणाले. “माझीच हाय.”

एवढ्या एका शब्दात त्यांची तक्रार खोटी ठरली. साहेबांनी माफीनामा मागितला. हवालदार म्हणाले, “चूक मी बघितली न्हाई, सही करनार न्हाई.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

तो कागद घेणाऱ्या क्लार्कने मला पुढे कधीतरी सांगितलं. हवालदारांनी आधी विचारलं, “त्या माधवनगरच्या पोराचं नाव यादीत हाय का?” क्लार्कने यादी दाखवली. हवालदारांनी नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं. मग क्लार्कने पेन पुढे केलं, तर यांनी शाईचं पॅड ओढलं आणि अंगठा उठवला.

“आवं हवालदार, तुम्हाला सही येते की!”

“माझी सही आता कुनालाबी येती. आंगठा घ्या. त्यो अजून माझा एकट्याचा हाय.”

फाटकापाशी मी उभा होतो. ते जवळ आले. थप्पड बसेल म्हणून मी डोळे मिटले.

“ज्ञ लय झकास काढलास रं,” हलक्या आवाजात म्हणाले. “मला दोन वर्सं लागली त्येला.” आणि पलूसच्या वाटेला लागले.

मी पर्मनंट झालो. पुढे शिकाऊ पोरांचा सुपरवायझरही झालो. त्यांच्या वह्यांवर आयुष्यभर सह्या केल्या, हात धुऊन. जुनी वही मी जाळली नाही, ती ट्रंकेत आहे.

हवालदार अजून पलूसला असतात. एकटेच. ऐकू कमी येतं म्हणे. दोनदा मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. आता तिथे मुंगीचा आवाज चालायचा नाही, मांजराचा नाही, शेळीचाही नाही.

त्या सह्या मी केल्या, एवढं एक वाक्य, त्यांच्या डोळ्यांत बघून आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, मी त्यांचं देणं लागतो.